“खिडकी उघडी ठेवत जा” एवढं सांगून घरमालक सुटतो का?

भाड्याच्या घरात राहत असताना एका रविवारी भिंतीला टेकलेलं कपाट पुढे ओढलं. मागची भिंत जमिनीपासून कमरेपर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली होती. कपाटाच्या प्लायवूडच्या पाठीवर पांढुरकी लव आली होती आणि आत ठेवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर राखाडी बुरशी. मालकांना फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं: “खिडकी उघडी ठेवत जा.” त्या खोलीला खिडकी एकच होती. तिच्या दोनपैकी एक झडप रंगाचे थर चढून चढून चौकटीला कायमची चिकटलेली होती.

पुढे काही वर्षांनी मीही एक घर भाड्यानं दिलं. एके दिवशी भाडेकरूनं बाथरूमच्या छताचा तसाच फोटो पाठवला, आणि मी काय टाइप करायला घेतलं असेल? तेच वाक्य. तेव्हा या विषयात दोन्ही बाजूंनी उभा राहून झालं आहे, एवढं सुरुवातीलाच सांगतो.

घरात हवा खेळती ठेवणं ही जबाबदारी कुणाची, या प्रश्नाचं छोटं उत्तर असं: हवेला आत यायची आणि बाहेर जायची वाट मालकानं द्यायची, ती वाट वापरायची भाडेकरूनं. बहुतेक देशांतले नियम फिरून फिरून याच वाटणीपाशी येतात. भांडण होतं ते ‘वाट दिली’ म्हणजे नेमकं काय, यावर. चिकटलेली खिडकी ही वाट नाही. आणि धडधाकट खिडकी असून ती वर्षभर बंद ठेवली, तर तो मालकाचा दोष नाही. या दोन टोकांच्या मध्ये जे काही येतं, तिथे जरा खोलात जावं लागतं.

ओल येते कुठून?

आधी थोडं विज्ञान, कारण निम्मे वाद इथेच मिटतात.

हवेत पाण्याची वाफ असते आणि हवा जितकी गरम तितकी ती जास्त वाफ पोटात घेऊ शकते. 20 अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण 17 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहतं. 10 अंशांना हाच आकडा साडेनऊ ग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे खोलीतली ऊबदार, दमट हवा जेव्हा थंड काचेला किंवा बाहेरच्या बाजूच्या गार भिंतीला लागते, तेव्हा तिला न पेलवणारं पाणी तिथेच सुटतं. सकाळी खिडकीच्या तावदानावर दिसणारे थेंब ते हेच.

आता एक झोपायची खोली घ्या. तीन मीटर लांब, तीन रुंद, पावणेतीनच्या आसपास उंच. म्हणजे साधारण 24 घनमीटर हवा. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला 40 ते 50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोन माणसं असली तर ऐंशी ते शंभर. खोलीत 20 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता असेल, तर हवेला पूर्ण भिजायला आणखी दोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी पुरतं. गणित केलं तर दोन-अडीच तासांत खोली ‘भरली’. प्रत्यक्षात गादी, कपडे, भिंतीचा गिलावा यातलं बरंच पाणी शोषून घेतात आणि फटींमधून थोडी हवा जात-येत राहते, म्हणून रात्री पाऊस पडत नाही. पण लक्षात घ्या, इथे कुणी काही चुकीचं केलेलं नाही. दोन माणसं फक्त झोपली आहेत. त्यात अंघोळीची वाफ, स्वयंपाक आणि घरात वाळत घातलेले कपडे मिळवा. मशीनमधून काढलेले एका खेपेचे ओले कपडेच वाळताना दीड-दोन लिटर पाणी हवेत सोडू शकतात.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. बुरशीला ओघळणारं पाणी लागत नाही. भिंतीला चिकटून असलेल्या हवेच्या पातळ थराची आर्द्रता बराच काळ 80 टक्क्यांच्या वर राहिली, तरी तिचं भागतं. खोलीत 20 अंश आणि 60 टक्के असताना 12 अंशांच्या काचेवर थेंब धरतील, पण 15 अंशांच्या भिंतीवर थेंब न दिसता बुरशी येऊ शकते. म्हणून ती कोपऱ्यात, छताच्या कडेला आणि कपाटामागे आधी येते: तिथे भिंत इतर भागापेक्षा गार आणि हवा थांबलेली. “कुठेच पाणी दिसत नाही, मग ओल कसली?” असं मालक विचारतात, त्याचं उत्तर हे आहे.

फक्त ओलीचाच प्रश्न असता तरी पुरे होता, पण हवा कोंडली की इतर गोष्टीही साचतात. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. त्या 24 घनमीटरच्या खोलीत दारं-खिडक्या अगदी घट्ट बंद करून दोघे झोपले, तर तो तासाला सुमारे हजारानं वाढतो. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 साली खोलीतली हवा चांगली आहे का हे ओळखायला हजार भागांची मर्यादा सुचवली होती, आणि आजही लोक तोच आकडा खूण म्हणून वापरतात. त्यांचा मुद्दा हा वायू एवढ्या प्रमाणात विषारी आहे असा नव्हताच. तो वाढतोय म्हणजे माणसांच्या शरीरातून बाहेर पडणारं बाकी सगळंही खोलीत साचतंय, एवढंच त्यातून कळतं. आज हा वायू मोजणारी छोटी यंत्रं सहज मिळतात, आणि मालकाशी बोलताना “खोलीत कोंदट वाटतं” यापेक्षा “सकाळी सहाला आकडा तीन हजारांवर होता” हे वाक्य बरंच जास्त काम करतं.

वाट म्हणजे नेमकं काय?

खिडकी आहे, एवढं पुरत नाही. हे जगाला फार महागात पडून कळलं आहे. न्यूयॉर्कमध्ये 1879 च्या कायद्यानं भाड्याच्या चाळवजा इमारतींतल्या प्रत्येक खोलीला खिडकी हवी असं ठरवलं. बिल्डरांनी खिडक्या दिल्या, पण दोन इमारतींच्या मधल्या अरुंद हवाकूपात उघडणाऱ्या. त्या कूपात वरच्या मजल्यांवरून कचरा पडू लागला. खालच्या घरांत दुर्गंधी येई, आणि आग लागली की तोच कूप धुराड्यासारखा पेटे. शेवटी 1901 साली नवा कायदा करून खिडक्या खुल्या जागेत उघडायला हव्यात असं बांधून टाकावं लागलं. घर बघायला जाल तेव्हा खिडकी उघडून बाहेर डोकं काढा. समोर हातभर अंतरावर भिंत आणि खाली ओला कचरा असेल, तर ती 1879 ची खिडकी आहे.

न्यूझीलंडनं याबाबत अलीकडे सगळ्यात सुटसुटीत भाषा वापरली आहे. तिथल्या 2019 च्या ‘हेल्दी होम्स’ नियमांप्रमाणे भाड्याच्या घरातल्या प्रत्येक राहत्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकी, दार किंवा छतातला झरोका हवा. उघडणारा भाग खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान 5 टक्के हवा, आणि ती खिडकी उघडी अडकवून ठेवता आली पाहिजे. बारा चौरस मीटरच्या खोलीला याप्रमाणे 0.6 चौरस मीटर उघडं तोंड लागतं, म्हणजे साधारण साठ सेंटिमीटर गुणिले एक मीटर. सरकत्या खिडक्यांची गोम इथेच आहे. दोन झडपांची सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी उघडते अर्धीच. मालक चौकट मोजतो. हवा मात्र मोकळ्या भागातूनच येते.

शेवटची अट, खिडकी उघडी अडकवून ठेवता येण्याची, मला फार महत्त्वाची वाटते. तळमजल्यावरच्या खिडकीला गज नसतील, तर रात्री ती कुणी उघडी ठेवणार नाही. जाळी नसेल आणि डास येत असतील, तरीही नाही. कडी तुटलेली असेल तर वाऱ्यानं झडप आपटते आणि माणूस वैतागून ती लावून टाकतो. अशा घरात “खिडकी उघडा” म्हणणं म्हणजे झोपेचा किंवा सुरक्षिततेचा बळी द्यायला सांगणं. माझ्या मते अशी खिडकी कागदावरच असते, आणि गज, जाळी, कडी ही मालकाच्या बाजूची कामं आहेत.

वाऱ्याला आत यायला एक आणि बाहेर पडायला दुसरी अशी दोन तोंडं मिळाली तर हवा पटकन बदलते. एकाच खिडकीची खोली ती उघडी ठेवूनही कोंदट राहते, म्हणून आतलं दार आणि पलीकडच्या खोलीची खिडकी यांनाही हिशेबात धरावं लागतं.

मग एक्झॉस्ट फॅन. न्यूझीलंडमध्ये स्वयंपाकघर आणि अंघोळीच्या जागी तो सक्तीचा आहे. 1 जुलै 2019 नंतर बसवलेला असेल तर स्वयंपाकघरात निदान 150 मिलिमीटर व्यासाचा किंवा सेकंदाला 50 लिटर हवा ओढणारा, बाथरूममध्ये 120 मिलिमीटर किंवा 25 लिटर. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत बाथरूमसाठी सेकंदाला 15 लिटर, आणि स्वयंपाकघरात पंखा शेगडीजवळ असेल तर 30, लांब असेल तर 60 असे आकडे आहेत. शेवटच्या दोन आकड्यांतली दुप्पट बोलकी आहे: वाफ उठते तिथेच पकडली तर निम्म्या कामात भागतं, खोलीभर पसरू दिली की दुप्पट.

फॅन खरंच हवा ओढतो का ते बघायला टिश्यू पेपरचा एक पदर त्याच्या जाळीवर धरा. चिकटून राहिला तर ओढ आहे, गळून पडला तर पंखा नुसता आवाज करतोय. बऱ्याचदा जाळीवर धुळीचा आणि तेलाचा राप बसलेला असतो. तो पुसणं भाडेकरूचं काम. मोटार गेली असेल तर मालकाचं. आणखी एक गोष्ट तपासा: बाथरूमचं दार लावल्यावर फॅनला हवा मिळते कुठून? दार खालपर्यंत घट्ट बसत असेल तर ओढायला हवाच उरत नाही. दाराखाली सेंटिमीटरभर फट हवी; इंग्लंडच्या नियमांत ती 10 मिलिमीटर सांगितली आहे.

दोन गैरसमज इथेच बाजूला काढू. छताचा पंखा हवा फिरवतो, बदलत नाही. आणि स्प्लिट एसी खोलीतलीच हवा आत ओढून, थंड करून परत सोडतो. त्यातलं थोडं पाणी तो काढतो खरा, पण ताजी हवा एक घोटही आणत नाही. “एसी बसवून दिलाय की” हे वायुवीजनाच्या तक्रारीवरचं उत्तर नव्हे. शेगडीवरच्या चिमणीचंही तसंच: पाइप बाहेर जात नसेल आणि ती हवा गाळून परत खोलीतच सोडत असेल, तर तेल थोडं अडतं, वाफ नाही.

कायदा ‘दुरुस्ती’ म्हणतो, तेव्हा

इथे गंमत आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. बहुतेक ठिकाणचे जुने भाडेकायदे मालकावर ‘दुरुस्ती’ची जबाबदारी टाकतात. दुरुस्ती म्हणजे जे होतं ते बिघडलं, ते पूर्ववत करणं. पण घर मुळातच कोंदट बांधलेलं असेल तर? तिथे बिघडलेलं काहीच नसतं.

ब्रिटनमधल्या 1985 च्या क्विक विरुद्ध टॅफ एली या खटल्यात नेमकं हेच झालं. लोखंडी चौकटींच्या खिडक्यांमुळे घरात इतकं पाणी धरत होतं की फर्निचर, अंथरुणं, कपडे कुजले. तरी न्यायालयानं मालकावर दुरुस्तीची जबाबदारी येत नाही असं ठरवलं, कारण खिडक्या स्वतः खराब झालेल्या नव्हत्या. त्या जशा बसवल्या तशाच होत्या. घर राहायला वाईट असणं आणि घर नादुरुस्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या.

ही फट बुजवायला इंग्लंडमध्ये 2018 साली वेगळा कायदा झाला आणि 20 मार्च 2019 पासून तो लागू झाला. त्यात प्रश्न दुरुस्तीचा नसून घर माणसानं राहण्याजोगं आहे का हा आहे, आणि ते ठरवताना पाहायच्या बाबींत ओल, नैसर्गिक उजेड आणि वायुवीजन यांचा नावानिशी उल्लेख आहे. भारतात उलट अजून दुरुस्तीचीच भाषा जास्त दिसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 प्रमाणे मालकानं जागा राहण्यायोग्य दुरुस्त ठेवायची. निदान 15 दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्यानं रास्त वेळेत काम केलं नाही, तर भाडेकरू ते करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. बंद पडलेला फॅन किंवा कुजलेली चौकट यात सहज बसते. मुळात खिडकीच नसलेल्या खोलीसाठी मात्र हे हत्यार तोकडं आहे.

म्हणून तुमच्या ठिकाणचा नियम वाचताना आधी एवढंच शोधा: तो ‘दुरुस्त’ म्हणतो की ‘राहण्याजोगं’? पहिला शब्द असेल, तर तक्रारीत मोडलेल्या वस्तूवर बोट ठेवा. दुसरा असेल, तर घरातल्या परिस्थितीवर. बांधकामाचे नियम ही तिसरीच गोष्ट. खिडक्यांची मापं सांगणारे ते नियम सहसा नव्या इमारतीला किंवा नव्या कामाला लागतात, पन्नास वर्षं जुन्या घराला आपोआप नाही.

“तुमच्या राहणीमुळे होतंय”

हे वाक्य ऐकलं नाही असा ओलीचा भाडेकरू विरळाच. त्याची किंमत किती होऊ शकते, हे इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात दिसलं. अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर 2020 मध्ये गेला. नोव्हेंबर 2022 च्या मृत्यू-चौकशीत निष्कर्ष निघाला की घरातल्या बुरशीत दीर्घ काळ राहिल्यानं त्याला श्वसनाचा गंभीर विकार झाला. त्याच्या वडिलांनी बुरशीची तक्रार 2017 पासून केली होती. वरून रंग मारा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. मृत्यू-चौकशीच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर 2021 मध्ये, तिथल्या गृहनिर्माण लोकपालांनी ओल आणि बुरशीवर एक अहवाल काढला होता. त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं की ही राहणीची बाब नाही. आता अवाबच्या नावानं ओळखले जाणारे नियम सामाजिक गृहनिर्माणातल्या, म्हणजे पालिका किंवा गृहसंस्थांनी कमी भाड्यात दिलेल्या, घरांना 27 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाले आहेत. तातडीचा धोका असेल तर 24 तासांत हालचाल करायची. गंभीर ओल किंवा बुरशी असेल तर कामाच्या 10 दिवसांत तपासणी, आणि तपासणीत धोका आढळला तर कामाच्या पुढच्या 5 दिवसांत घर सुरक्षित करायचं.

मालकांच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायलाच हवी: सगळी ओल वायुवीजनाची नसते आणि सगळ्यात मालकाची चूकही नसते. कारण ओळखायला थोडी नजर लागते. छताला किंवा भिंतीला पिवळट कडा असलेला डाग, जो पाऊस झाल्यावर किंवा वरच्या घरात पाणी वापरल्यावर मोठा होतो, तो गळतीचा. जमिनीलगत गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत एकसारखी ओल, पोपडे, पांढरा क्षार, हे बहुतेक वेळा जमिनीतून चढणारं पाणी. आणि काळे ठिपके, कोपऱ्यात, खिडकीच्या कडेला, कपाटामागे, थंडीत वाढणारे, हे घरातल्या वाफेचं काम. गळतीवर खिडकी उघडणं हा उपाय नाही आणि वाफेवर वॉटरप्रूफिंगचा खर्च वाया जातो. मी स्वतः एकदा तो केला आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही.

वाफेचीच ओल आहे असं ठरलं, की प्रश्न उरतो राहणीचा. माझी कसोटी साधी आहे. त्या घरात जितकी माणसं राहतील म्हणून करार झाला तितकी राहिली, रोज अंघोळ केली, स्वयंपाक केला, कपडे वाळवले, आणि दिलेला फॅन आणि खिडकी शहाण्या माणसासारखी वापरली, तरी बुरशी येते? मग घर कमी पडतंय. कपडे घरात वाळवणं हा गुन्हा नाही, वाळवायला दुसरी जागाच दिलेली नसेल तर मुळीच नाही. पण विजेचं बिल वाचवायला फॅनचं बटणच बंद ठेवलं, भिंतीतला झरोका थंडी येते म्हणून कापड कोंबून बुजवला, तिघांच्या घरात आठ जण राहिले, तर भाडेकरूनं मालकाकडे बोट दाखवू नये.

मालकांची एक चूक तर चांगल्या हेतूनं होते. जुन्या लाकडी खिडक्यांच्या फटींतून हवा येत राहायची, कुणाच्या लक्षातही न येता. मालक खर्च करून नव्या, घट्ट बसणाऱ्या खिडक्या लावतो. आवाज थांबतो, धूळ थांबते, आणि पुढच्या थंडीत त्या घरात आयुष्यात पहिल्यांदा बुरशी येते. फटी बंद करणाऱ्यानं दुसरी वाट काढून दिली पाहिजे: चौकटीतली उघड-मीट करता येणारी छोटी पट्टी, भिंतीतला झरोका, किंवा हळू पण सतत चालणारा फॅन.

दमट हवामानात हिशेब थोडा उलटतो. बाहेर 5 अंश असताना आत घेतलेली हवा घरात तापली की कोरडी ठरते, म्हणून थंडीत दहा मिनिटं खिडकी उघडली तरी घर सुकतं. पण बाहेर 28 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा एसीनं गार झालेल्या भिंतीवर पाणी सोडते. तिथे एसी चालू असताना खिडकी सताड उघडी ठेवणं उपयोगाचं नाही; अंघोळीची आणि स्वयंपाकाची वाफ जागच्या जागी बाहेर फेकणं महत्त्वाचं. सल्ला देणाऱ्या मालकानं निदान हवामान तरी बघावं.

गॅसचा गिझर: इथे वाद घालू नका

आतापर्यंतचं सगळं हळूहळू त्रास देणारं होतं. गॅसवर चालणारा, धूर बाहेर न नेणारा गिझर बंद बाथरूममध्ये असेल, तर मामला मिनिटांचा आहे. हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो, म्हणून गळती कळते. हा कळत नाही. डोकं जड होतं, चक्कर येते, आणि दार उघडायचं भान राहत नाही. असं उपकरण बंद जागेत बसवून देणं ही मालकाची सरळ चूक आहे, आणि भिंतीतला झरोका कुणीही, कोणत्याही कारणानं बुजवता कामा नये. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरातल्या मालकाच्या गॅस उपकरणांची दर वर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी सक्तीची आहे. जिथे सक्ती नाही तिथेही हा खर्च मालकानं करावा. तोवर पाणी स्वयंपाकाच्या शेगडीवर तापवा, पण तसा गिझर लावू नका.

तक्रार कशी करावी

तोंडी सांगितलेलं हवेत जातं. लिहून कळवा, तारीख घाला, फोटो जोडा. कपाट सरकवून मागचा फोटो, खिडकी किती उघडते त्याचा फोटो, टिश्यू पेपर गळून पडतानाचा व्हिडिओ. आर्द्रता मोजणारं घड्याळासारखं छोटं यंत्र आठवडाभर ठेवून सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहा. बुरशी कोणत्या जातीची आहे याच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीवर पैसे घालवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांत बुरशीची अमुक पातळी सुरक्षित असा आकडा दिलेलाच नाही. ओलच होऊ देऊ नका, असं म्हटलं आहे. काळी असो की हिरवी, ती दिसतेय, तेवढं पुरे.

मालकाला नेमकं काय हवं ते सांगा. “ओलीचं काहीतरी करा” यापेक्षा “झडप मोकळी करून द्या, फॅन बदला, पंधरा दिवसांत माणूस पाठवा” हे बरं. माणूस आला की त्याला घरात येऊ द्या. दोनदा परत पाठवलात की उशीर तुमच्या नावावर लागतो. आणि भाडं परस्पर थांबवू नका. तुमच्या ठिकाणचा कायदा कपातीची मुभा देत असेल तर त्यानं सांगितलेल्या क्रमानंच जा, नाहीतर ओलीचा मुद्दा बाजूला राहतो आणि तुम्ही थकबाकीदार ठरता.

आता माझ्या त्या भाडेकरूच्या छताबद्दल. ते वाक्य मी पाठवलं नाही. आपलं जुनं कपाट आठवलं. स्वतः गेलो. फॅन चालू होता, टिश्यू पेपर जाळीला घट्ट चिकटला. भाडेकरूला म्हणालो, “बघा, चालतोय की.” तो म्हणाला, “चालतो हो, पण वाफ कुठे जाते?” स्टुलावर चढून फॉल्स सीलिंगचा एक तुकडा उचलला. फॅनचा पाइप भिंतीपासून दीड फूट अलीकडेच संपला होता. तीन वर्षं प्रत्येक अंघोळीची वाफ छताच्या वर जमा होत होती, आणि प्लायवूड हाताला स्पंजासारखं लागलं. घर घेतलं तेव्हापासून ते तसंच असणार, मी कधी वर पाहिलंच नव्हतं. पाइप बाहेरपर्यंत नेला, सीलिंग बदललं, सुताराकडून दाराखाली बोटभर फट कापून घेतली. छताला रंग मारायचा खर्च त्याच्या डिपॉझिटमधून वळता करायचा, असं तिथे जाताना वाटेत मी मनाशी ठरवलं होतं. ते त्याला अजून सांगितलेलं नाही.